एकदाच विचारायचं

दरवर्षी जुलै महिन्यात एक दिवस मी सोंग काढून वर्गात जाते. एरवी माझी सुती साडी आणि खांद्यावरची कापडी पिशवी ठरलेली. त्या दिवशी मात्र ठेवणीतली रेशमी साडी, लेकीचा भलामोठा काळा गॉगल, अंगावर अत्तर आणि हातात पेढ्यांचा बॉक्स. समाजकार्याच्या कॉलेजात शिकवणारी, निवृत्तीला आलेली बाई सकाळी सकाळी अशी नटूनथटून विलेपार्ल्याच्या रस्त्याने निघाली की शेजारी विचारतात, "आज कुणाचं लग्न?" मी सांगते, "आज पाहुण्याचा तास आहे." त्यांना काही कळत नाही आणि मीही समजावत बसत नाही, कारण मला नेहमीच उशीर झालेला असतो.

पाहुण्याचा तास हा माझा लाडका तास. विद्यार्थ्यांनी बालगृहातली मुलं व्हायचं आणि मी त्या बालगृहाला भेट द्यायला आलेली पाहुणी. मी गोड बोलते, गालाला हात लावते, जवळ बस म्हणते, फोटो काढू या म्हणते, माझ्या गाडीतून फिरायला चल म्हणते आणि मध्ये मध्ये पेढा पुढे करते. त्यांनी मला नकार द्यायचा, एवढंच काम. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांच्या डोक्यात शोषण करणारा माणूस अगदी पक्का असतो. तांबारलेले डोळे, वाढलेली दाढी, अंधारी गल्ली. मला त्यांच्या गळी उतरवायचं असतं की तो बहुतेक वेळा इस्त्रीचे कपडे घालून, दिवसाउजेडी, पुढच्या दाराने येतो आणि येताना खाऊ आणतो. पुष्कळदा तर आपण वाईट वागतोय हे त्याचं त्यालाही माहीत नसतं.

आणि दरवर्षी सगळा वर्ग नापास होतो. चांगल्या घरातली मुलं. मोठ्या माणसाने हात पुढे केला की तो रिकामा परत पाठवायचा नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. "नको मॅडम, नको नको," म्हणत म्हणत पेढा तोंडात जातो. मग मी गॉगल काढते, भाषण देते आणि उरलेले पेढे स्वतः खाते. भाषणापेक्षा मला हा शेवटचा भाग जास्त आवडतो.

त्या वर्षीच्या वर्गात एक मुलगी होती, घाटकोपरहून मेट्रोने येणारी. आईवडील मूळचे जालन्याकडचे, आई सरकारी दवाखान्यात नर्स. रविवारी विहारातून आल्यावर आमच्या घरी जेवताना सगळे वाद घालतात, असं ती मोठ्या अभिमानाने सांगायची आणि तो वाद ती सोमवारी माझ्या वर्गात पुढे चालू ठेवायची. पाहुण्याच्या तासाला तिने मला तोंडावर सांगितलं, "नाही. मला नको." मी आनंदले. पण सोंग ते सोंग, म्हणून आणखी आग्रह केला. ती परत नाही म्हणाली. मी चेहरा पाडला, "एवढ्या लांबून आणला गं तुझ्यासाठी," म्हणाले. तिने पेढा घेतला.

वर्ग हसला. ती चिडली. "तुम्ही सोडतच नव्हता ना मॅडम," ती म्हणाली. "मी दोनदा बोलले. अजून काय करायचं, चावायचं?"

"आणखी ठामपणे म्हणायचं," मी म्हणाले. माझं ते ठरलेलं उत्तर होतं आणि मला ते बरोबर वाटत होतं.

क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे आठवड्यातले ठरलेले दिवस प्रत्यक्ष जाऊन काम करण्यासाठी, मी तिला मालाडच्या एका बालगृहात टाकलं. बरोबर बोरिवलीचा एक ताडमाड उंच मुलगा दिला. हा मुलगा प्रत्येक गोष्टीला 'झकास' म्हणायचा आणि कशावरच वाद घालायचा नाही, त्यामुळे जोडी चांगली जमेल असा माझा हिशोब. मार्वे रोडला आतल्या बाजूला असलेलं ते बैठं बालगृह मला फार आवडतं. पुढे बदामाचं झाड, मागे भिंतीला लागून एक वस्ती, आणि आत मुलामुलींचा असा कालवा की फोनवर बोलायला फाटकाबाहेर जावं लागतं.

तिथले अधीक्षक म्हणजे मालवणकडचे गृहस्थ. वडील गिरणीत होते, हे स्वतः शिकून या नोकरीत आलेले. आमच्याशी शुद्ध बोलायचे, पण रागावले किंवा खूश झाले की मालवणी सुटायची. माणूस देवमाणूस. मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत ह्यांचंच पोट बिघडायचं. त्यांची एकच खोड होती. कुणालाही खाऊ घातल्याशिवाय सोडायचे नाहीत. मी तिथे पाहणीला गेले की कांदेपोह्यांची बशी यायची, ती संपली की "एवढंसंच?" म्हणून दुसरी यायची, आणि मी हात आडवा धरला तर हाताच्या बाजूने वाढायचे.

माझ्या दोघांनी तिथे मुलांना नकार शिकवायला घेतला. माझाच खेळ, पण पेढ्यांऐवजी चिंचा. आळीपाळीने एकाने पाहुणा व्हायचं, बाकीच्यांनी ठाम नाही म्हणायचं. मुलांना तो खेळ इतका आवडला की पुढच्या आठवड्यात अधीक्षकांचा मला फोन. "मॅडम, वाट लागली. पोरं दुधी खात नाहीत, अंघोळीला नाही म्हणतात, अभ्यासाला नाही म्हणतात. काल प्रार्थनेला हात जोडा म्हटलं तर एक चिमुरडी मला म्हणते, माझे हात माझे आहेत!"

मी फोनवरच इतकी हसले की त्यांनाही हसू आलं. खरं सांगायचं तर माझी छाती अभिमानाने फुगली होती. मुलांना नाही म्हणता येतंय, म्हणजे अर्धी लढाई जिंकली, असं मी दोघांना सांगितलं. बोरिवलीकर म्हणाला, "झकास."  घाटकोपरची दुसऱ्याच कशाकडे तरी बघत होती.

तिथे सहावीतली एक मुलगी होती. शेलाटी, दोन वेण्या, हसली की खालचा ओठ दाताखाली धरायची. दिवाळीनंतर ही मुलगी जेवता जेवता उठते, हे घाटकोपरच्या पोरीने हेरलं होतं. मागच्या वस्तीत एक तान्हं बाळ होतं. ते रडलं की हिचा हात घासासकट थांबायचा आणि ही ताटावरून उठून खिडकीशी जायची. बाळ गप्प झालं की परत येऊन बसायची. तोपर्यंत भात गार.

"का गं उठतेस?" तिने एकदा विचारलं.

"बाळ रडलं की उठायचं असतं," मुलगी म्हणाली. अगदी साधेपणाने.

मग हळूहळू सगळं कळलं. अंधेरीच्या एक बाई या बालगृहाच्या जुन्या देणगीदार. हॉलमधले पंखे त्यांचे, पाण्याचा कूलर त्यांचा, पाडव्याचं जेवण दरवर्षी त्यांचं. त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत या मुलीला "जरा घरपण मिळू दे बिचारीला" म्हणून आपल्या घरी नेलं होतं. घरात त्यांची जुळी नातवंडं. सुट्टीभर ही मुलगी बाळांच्या खोलीत खाली गादी टाकून झोपली, बाटल्या उकळल्या, दुपटी धुतली, मांडीवर झोपवली. परत आली तेव्हा दोन नवे फ्रॉक आणि एक टेडी बेअर घेऊन आली आणि सगळे म्हणाले, किती नशीबवान. मे महिन्याच्या सुट्टीत बाई तिला पुन्हा नेणार होत्या, या वेळी शाळा सुरू होईपर्यंत.

"तुला जायचंय?" माझ्या विद्यार्थिनीने विचारलं.

मुलीने मान हलवली. नाही. "मला इथे राहायचंय. मे महिन्यात इथली सगळी मनोरीला जातात. बोटीतून. मी अजून एकदा पण नाही गेले."

संक्रांतीला बाई तिळगूळ घेऊन आल्या तेव्हा मीही तिथे होते. मी उगीच खोटं बोलणार नाही, बाई छान होत्या. हसतमुख, बोलायला मोकळ्या, प्रत्येक मुलाच्या हातावर स्वतः तिळगूळ ठेवत होत्या. आमच्या सहावीतल्या मुलीपाशी आल्यावर त्यांनी तिचा गाल ओढला. "काय मग, येणार ना सुट्टीत? बाळं तुझी वाट बघतायत हं!"

मुलीने घाटकोपरच्या ताईकडे पाहिलं. मग सरळ उभी राहिली, दोन्ही हात बाजूला, खेळात शिकवलं होतं तशी, आणि स्पष्ट म्हणाली, "नाही. मला नाही यायचं."

 इतक्या वर्षांच्या शिकवण्यात असं 'नाही' मी ऐकलं नव्हतं.

बाई खळखळून हसल्या. "बघा, कशी लाजते!" त्या अधीक्षकांना म्हणाल्या. अधीक्षकही हसले. "होय हो, पहिल्यांदा असंच म्हणतात. येईल." त्यांनी मुलीच्या पाठीवर थोपटलं, आणि बाई पुढच्या मुलाकडे वळल्या. झालं. त्या नाहीचा आवाज हॉलमध्ये कुणाला ऐकूच गेला नाही. मुलगी तशीच उभी होती, हात बाजूला, आणि माझ्या विद्यार्थिनीकडे बघत होती. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला तिळगूळ चुरगळला.

 परतीच्या रिक्षात घाटकोपरची पेटली होती. "मॅडम, तिने काय चूक केली सांगा? ठाम बोलली ना? तुम्ही म्हणता तसंच बोलली ना?"

"बोलली गं."

"मग? ऐकणारे बहिरे असले तर ती काय करणार? तुम्ही इतकी वर्षं मुलांनाच शिकवताय, नाही म्हणा, नाही म्हणा. जे विचारतात त्यांना थांबायला शिकवा ना एकदा! मला पण पेढा खायला लावलात तुम्ही."

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. ती बरोबर होती आणि तिचं बरोबर असणं पचायला मला मालाडपासून पार्ल्यापर्यंतचा रस्ता लागला.

दुसऱ्याच दिवशी मी अधीक्षकांकडे गेले. त्यांना नियम मला सांगायची गरज नव्हती. कुठलंही मूल असं कुणाच्या घरी पाठवायचं तर बालकल्याण समितीची परवानगी लागते आणि मुलाला काय वाटतं ते अधीक्षकांनी समितीला कळवायचं असतं. दिवाळीत हे सगळं ओळखीवर निभावून गेलं होतं. मी म्हणाले, "या वेळी तुम्ही तिची तयारी आहे असं कळवलंत, तर मी समितीपुढे जाऊन उलट सांगणार. तुम्हाला आधीच सांगून ठेवते. ते घरपण नाही, ती मुलीची मोलकरीण करणं आहे."

ते दुखावले. माणूस इतका भला की भांडायलाही जीव होईना. "मॅडम, माका काय पोरीचा वायट करूचा आसा काय? थंय तिका बरा खावक मिळता, एसी आसा. बाळाक घेतला मांडयेर तर काय झाला? आमच्या घरात नाय घेत?"

"घेतात ना. पण ती नाही म्हणाली."

"ती लाजता हो!"

एवढ्यात पोहे आले. भांडण चालू असलं तरी पोहे येणारच. मी खाल्ले. दुसरी बशी पुढे आली. मी म्हणाले, "नको." ते म्हणाले, "थोडेसे." मी म्हणाले, "नको, खरंच पोट भरलं." ते म्हणाले, "एवढं भांडून दमला असाल," आणि पोह्यांचा डाव उचलला.

घाटकोपरची पोरगी दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "सर, मॅडम दोनदा नाही म्हणाल्या."

अधीक्षकांचा डाव हवेतच राहिला. ते माझ्याकडे बघू लागले, मी पोह्यांकडे. मला एकदम दिसलं की गोची इथे होती, या बशीत. आपल्याकडे पहिला नकार धरतच नाहीत. पाहुण्याने नको म्हणायचं असतं आणि आपण वाढायचं असतं. जो एकाच नकाराला थांबला तो कंजूष, आणि ज्याने पहिल्याच वाढपाला हो म्हटलं तो हावरा. मलाही माझ्या आईने हेच शिकवलं, मीही लेकीला हेच शिकवलं. मग एखाद्या लेकराच्या पहिल्या नाहीला कोण कशाला विचारतो? आणि ज्या घरात वाढपाच्या डावापुढे मुलाचं 'नाही' चालत नाही, तिथे एखाद्या माणसाच्या हातापुढे ते चालेल, ही आशा कशाच्या जोरावर करायची?

"सर," माझी विद्यार्थिनी म्हणाली, "एक करून बघू या? जेवणाच्या वेळी. एकदाच विचारायचं. नाही म्हटलं की पुढे जायचं. हवं असेल त्याने तोंडाने मागायचं. सगळ्यांना लागू. तुम्हाला पण."

"हात् तिच्या, एवढाच ना?" अधीक्षक म्हणाले. त्यांना वाटलं, भांडण मिटत असेल तर स्वस्तात पडलं.

त्यानंतर त्या बालगृहात जे माजलं ते आठवून मी अजूनही एकटी हसते. वाढायची पाळी मुलांकडे आळीपाळीने असायची, आणि मुलांनी हा नियम पोलिसांच्या थाटात अमलात आणला. बोरिवलीकर पहिल्याच दिवशी सवयीने "बस रे, बस" म्हणाला आणि अख्खा दिवस अर्ध्या पोटी राहिला. भेटीला आलेल्या एका डॉक्टरांना चहाच मिळाला नाही. मी स्वतः होळीच्या पुरणपोळीला मुकले. "नको गं बाळा, एवढी मोठी," असं नुसतं म्हणाले, तर वाढणारी चिमुरडी "बरं" म्हणून पोळी घेऊन गेली ती गेलीच. मागायची मला लाज वाटली. घरी येऊन मी नवऱ्यावर चिडले, त्याचा काहीही संबंध नसताना.

पण खरी मजा आली ती त्याआधी, सव्वीस जानेवारीला. झेंडावंदनानंतर जिलेबी. अधीक्षकांचा जीव जिलेबीत. गरम गरम, पाक ठिबकणारी परात घेऊन एक पोरगा त्यांच्यापाशी आला. अधीक्षक शिष्टाचाराने हात आडवा करून म्हणाले, "नको रे, मुलांना द्या आधी." पोरगा म्हणाला, "ओके सर," आणि निघाला. अधीक्षक बघतच राहिले. परात एकेका मुलापाशी थांबत, रिकामी होत, पार टोकाला गेली. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला माझी जिलेबी गिळवेना.

"मागा ना सर," घाटकोपरची म्हणाली.

"मागू कसा?" ते म्हणाले. "मी नको म्हटलं ना आता."

"मग कळलं ना सर, आपण उगीच नको म्हणतो तेव्हा काय होतं. आणि जो खरं म्हणतो त्याचं काय होतं ते पण विचार करा."

 त्या दिवसापासून मी बघत होते, ते एखाद्या मुलाला काही विचारायचे आणि मग थांबायचे. खरंच थांबायचे. "खेळायला जातोस?" "नाही." "बरं." एकदा त्यांनी एका पोराच्या डोक्यावर ठेवायला उचललेला हात मध्येच थांबवला आणि विचारलं, "ठेवू?" पोराने जरा विचार केला आणि मान खाली वाकवली. हे बघून मला रडू आलं. मी बदामाच्या झाडाखाली जाऊन नाक पुसून आले.

आणि एक गंमत झाली. पोरं पुन्हा दुधी खायला लागली. कुणी जबरदस्ती करत नाही म्हटल्यावर भांडणातली गोडी गेली असावी. अंघोळीचं मात्र शेवटपर्यंत जड गेलं.

मग पाडवा आला. दारात गुढी, हॉलमध्ये पंगत, अंधेरीच्या बाईंकडून श्रीखंडपुरी. बाई स्वतः आल्या आणि कौतुकाने मुलांच्या पंगतीतच बसल्या, शेजारी अधीक्षक, समोरच्या रांगेत मी आणि माझे दोघे. समितीला कळवायची वेळ जवळ आली होती. अधीक्षकांनी मला अजून एका शब्दानेही सांगितलं नव्हतं की ते काय कळवणार. पंखे डोक्यावर गरगरत होते आणि प्रत्येक पंख्यावर बाईंचं नाव होतं. माझी भूक उडाली होती, आणि तसं सहसा होत नाही.

श्रीखंड वाढायची पाळी आमच्या मुलीची होती. ती बाईंपाशी आली. बाईंनी वाटीवर हात धरला आणि लाडिकपणे म्हणाल्या, "अगं नको, नको. मला नको बाई एवढं गोड."

"बरं," मुलगी म्हणाली आणि अधीक्षकांकडे वळली. "सर, श्रीखंड?"

"वाढ," अधीक्षक म्हणाले. "भरपूर वाढ." ते शिकले होते.

बाईंचा हात रिकाम्या वाटीवर तसाच. पंगत जेवायला लागली. बाई पुरीचे तुकडे मोडत बसल्या आणि मुलगी परत येईल म्हणून वाट बघत राहिल्या. मुलगी दुसऱ्यांदा त्यांच्यासमोरून गेली, तिसऱ्यांदा गेली. बोरिवलीकर ताटात डोकं खुपसून हसू दाबत होता. शेवटी बाईंना राहवेना. "अगं, मला वाढलंच नाहीस?"

"तुम्ही नको म्हणालात."

"अगं, तसं म्हणायचं असतं!"

"आमच्याकडे एकदाच विचारतात," शेजारचा दुसरीतला पोरगा पुरी चावत म्हणाला. "हवं तर मागा. मागितलं की देतात."

बाई मोठ्याने हसल्या. "बरं बाई, हरले. वाढ. मला हवंय श्रीखंड." मुलीने हसून, ओठ दाताखाली धरून, वाटीत डोंगर रचला. बाई खूश. पहिला घास घेतला, मुलीचा हात धरला आणि म्हणाल्या, "आता शाळा संपली की माझ्याकडेच यायचं हं. येणार ना?"

"नाही," मुलगी म्हणाली.

बाई अधीक्षकांकडे वळल्या. "बघा, परत लाजली!"

अधीक्षकांनी हातातली पुरी ताटात ठेवली. त्यांनी पंख्यांकडे पाहिलं की नाही मला माहीत नाही, पण मी पाहिलं. "लाजूक नाय, बाई," ते म्हणाले. "ती नाय म्हणता."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. तुम्ही विचारलंत, तिने सांगितलं. आता परत नाही विचारायचं."

 बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. आणि मग, अगदी मनापासून, कुणीही न विचारता, त्या म्हणाल्या, "अहो, पण मग बाळांना कोण बघणार?"

 आपण काय बोललो ते बाईंनाच ऐकू आलं. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी मुलीचा हात सोडला.

"त्यासाठी बाई ठेवतात," अधीक्षक हळूच म्हणाले. मग इतकी वर्षं ज्या सुरात त्यांनी मला पोहे वाढले त्याच सुरात म्हणाले, "श्रीखंड संपवा. चांगलं झालंय."

बाईंनी संपवलं, हे मी त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. मान खाली घालून का होईना, वाटी चाटून पुसून रिकामी केली. त्यानंतर त्या आल्या नाहीत. पुढच्या पाडव्याला श्रीखंड आम्ही वर्गणी काढून केलं आणि ते थोडं आंबट झालं. पंखे चालू आहेत.

अधीक्षकांनी समितीला काय कळवलं ते त्यांनी मला बोलावून वाचून दाखवलं. मुलीची इच्छा नाही, दिवाळीतही तिच्याकडून काम करून घेतलं गेलं, यापुढे असं पाठवणार नाही.  घाटकोपरच्या पोरीने भर ऑफिसात टाळ्या वाजवल्या. मी तिला वरवर रागावले आणि मनातून तिला कडकडून मिठी मारली. प्रत्यक्षात मारली नाही, कारण विचारलं नव्हतं.

मे महिन्यात आम्ही सगळे मनोरीला गेलो. मार्वेच्या धक्क्यावरून बोटीत बसलो. आमची मुलगी पुढच्या टोकाला, वाऱ्यावर वेण्या उडवत, ओरडून ओरडून गाणी म्हणत होती आणि सूर अजिबात लागत नव्हता. किनाऱ्यावर मुलं पाण्यात शिरली ती बाहेर निघेनात. अधीक्षक विजार गुडघ्यापर्यंत दुमडून लाटांशी मालवणीत बोलत होते. बोरिवलीकराने वाळूचा किल्ला केला आणि त्याला स्वतःच झकास म्हटलं.

दुपारी सुरूच्या झाडांखाली जेवायला बसलो. बटाटेवडे, चपात्या, लसणाची चटणी. जरा पलीकडे दुसऱ्या एका कुटुंबाने चटई टाकली होती. आम्ही निम्मं जेवलो असू, तेवढ्यात त्यांच्यातलं तान्हं बाळ रडायला लागलं. चांगलं टाहो फोडून.

घाटकोपरच्या पोरीचा घास थांबला. अधीक्षकांचा थांबला. माझाही. आम्ही तिघेही तिच्याकडे न बघता तिच्याकडे बघत होतो.

मुलीने मान वर केली. बाळाकडे पाहिलं. ते भूक लागल्यासारखं रडतंय की झोप आल्यासारखं, ते ती ऐकत असावी, तेवढं ती शिकलीच होती. मग म्हणाली, "भूक लागलीये त्याला. आई आहे ना तिकडे, देईल ती."

आणि बसल्या जागेवरून तिने अधीक्षकांपुढे ताट केलं. "सर, मला अजून एक वडा हवाय."